नदीपलीकडचं बोर्दो: कमी पैशांत चांगली वाइन चाखायची कशी

फ्रान्समधल्या बोर्दोला राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात मी फसले. 22 युरोंची बाटली घेतली. लेबलवर किल्ल्याचं चित्र, खाली सोनेरी अक्षरांत ‘ग्रां व्हँ द बोर्दो’. उघडली तर पातळ, आंबट, आणि वरून लाकडाच्या भुशाचा वास. ‘बोर्दोची थोर वाइन’ ही काही श्रेणी नव्हे, त्या अक्षरांवरून दर्जा कळत नाही, हे ऑफिसातल्यांनी पुढे हसत हसत सांगितलं. तेव्हापासून मी लेबल बाजूला ठेवलं आणि नकाशा काढला. आज नऊ वर्षं झाली, 15 युरोंच्या वर सहसा जात नाही आणि पश्चात्तापही सहसा होत नाही.

तर आधी नकाशाच. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या उत्तरेला मिळतात आणि पुढे जिरोंदची रुंद खाडी होते. डाव्या काठावर मेडॉक: पोइयाक, मार्गो ही पैसेवाली गावं, गोट्यांची जमीन, कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं. उजव्या काठावर चिकणमाती आणि चुनखडी, म्हणून मेर्लो जातीची. तिथली मानाची नावं पोमरोल आणि सेंत-एमिलियों. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी प्रतवारी झाली, तिच्यात तांबड्या वाइनसाठी मेडॉक आणि ग्राव्ह या भागातला एकच शातो (म्हणजे मळ्यासकट वाइनचं घर), गोडसाठी सोतेर्न आणि बार्साक. उजव्या काठाचं नावही नाही. 1973 मध्ये मूतों रोथशिल्ड या शातोला पहिल्या वर्गात बढती मिळाली, ती सोडली तर यादी जवळजवळ तशीच आहे. भाव आजही अशा नावांभोवती फिरतात. जमीन मात्र गावाची हद्द बघून थांबत नाही. मोठ्या गावाच्या बांधापलीकडचा शेतकरी शोधायचा, एवढंच माझं शास्त्र.

सुरुवात कास्तियोंपासून करा. सेंत-एमिलियोंला पूर्वेकडून लागून, तीच चुनखडीची टेकाडं पुढे सरकलेली. 1453 मध्ये इथे इंग्रज हरले आणि शंभर वर्षांचं युद्ध संपलं, म्हणून गावाचं नाव कास्तियों-ला-बाताय. बाटलीवर ‘कास्तियों कोत द बोर्दो’ असं लिहिलेलं असतं. 10 ते 15 युरोंत गरगरीत मेर्लो मिळते, आणि मागून चुनखडीचा तो ताजेपणा, ज्याने दुसरा घोट घ्यावासा वाटतो. एक सावधगिरी मात्र शेजारच्या गावाबाबत. ‘सेंत-एमिलियों ग्रां क्रू’ हे नुसतं अपेलासियों, म्हणजे कायद्याने ठरलेलं प्रदेशाचं नाव आहे. प्रतवारीतली वाइन असेल तर पुढे ‘क्लासे’ हा शब्द लागतो. त्या एका शब्दाकडे दुर्लक्ष करून किती पाहुणे पैसे मोजतात ते मी डोळ्यांनी पाहते.

फ्रॉन्साक हे माझं लाडकं आणि तितकंच हट्टी गाव. लिबूर्नच्या पश्चिमेला, टेकड्यांवर. इथली वाइन कोवळी असताना तोंड उघडत नाही. मागच्या हिवाळ्यात 2019 ची एक बाटली संध्याकाळी सातला उघडली. पहिल्या वासात ओल्या पाटीखेरीज काही नाही. घोट घेतला तर हिरड्या आवळल्या. नवरा म्हणाला, फेकून दे. मी बूच लावून ओट्यावर ठेवली. नऊ वाजता आलुबुखार यायला लागला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तीच वाइन मऊ झालेली, ग्लासात नाक घातलं की जांभळ्या फुलांचा वास. तिसऱ्या दिवशी ती उतरणीला लागली. म्हणून फ्रॉन्साकची एक बाटली एका बैठकीत संपवू नका. तीन दिवस रोज अर्धा ग्लास घ्या आणि दोन ओळी लिहून ठेवा. वाइन कशी बदलते हे यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या वर्गात बसून कळत नाही.

उत्तरेला, मेडॉकच्या बरोबर समोर, खाडीच्या उजव्या काठावर ब्लाय आणि बूर. बूरमध्ये माल्बेक हे द्राक्ष अजून चांगल्यापैकी टिकून आहे, त्यामुळे रंग गडद आणि मिरीची किंचित झणक. ब्लायची वाइन सोपी, फळांची, आठ-नऊ युरोंची, रोजच्या जेवणाला. पोमरोल आणि सेंत-एमिलियोंच्या शेजारची लालांद-द-पोमरोल, मोंतान्य, लुसाक ही नावंही लक्षात ठेवा. दोन नद्यांच्या मधल्या आंत्र-द-मेरची पांढरी वाइन थंड करून प्या आणि फार विचार करू नका.

आता चाखायची रीत. एका वेळी तीन बाटल्या पुरे, आणि शक्यतो एकाच सालाच्या, नाहीतर फरक गावाचा की हवामानाचा ते कळत नाही. 2016, 2019, 2020 ही सालं डोळे झाकून घ्या. 2013 मी घेत नाही. 2021 थंड आणि दहिवराने झोडपलेलं. वाइन हलकी, लवकर पिऊन टाकायची. मोठ्या शातोंकडे वाईट द्राक्षं निवडून टाकायला माणसं आणि पैसा असतो, लहान शेतकऱ्याकडे तो नसतो, म्हणून या गावांत साल जास्त बघावं लागतं.

तीनांतली एक महागडी शेजारीण ठेवा: दोन कास्तियों, एक सेंत-एमिलियों. बाटल्या झाकायला बॅगेत या लांबुळक्या फ्रेंच पावाच्या कागदी पिशव्या अगदी मापाच्या असतात, जणू त्यासाठीच शिवल्यात. वर आकडे टाका. आमच्या स्वयंपाकघरात पाच जणांनी असं चाखलं तेव्हा तिघांनी 13 युरोंची कास्तियों पहिली लावली. 34 युरोंची ज्याने आणली होती तो बराच वेळ गप्प होता.

तांबडी 16-17 अंशांवर हवी. उन्हाळ्यात इथली घरं तापतात, तेव्हा बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला लाजू नका. गरम वाइनमध्ये फक्त अल्कोहोल नाकात जातं. ग्लास तोंडाशी निमुळता, ओतायची दोन बोटं. रंग बघा, पण त्यात अडकू नका. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. घोट तोंडात सगळीकडे फिरू द्या.

इथे मराठी माणसाला एक आयतं हत्यार आहे. टॅनिन, म्हणजे वाइनमधला तोंड आवळणारा अंश, काय ते समजावताना इथले लोक कोऱ्या चहाची, कच्च्या अक्रोडाची उदाहरणं देत बसतात. आपल्याकडे सरळ शब्द आहे: तुरट. कडू ही जिभेला लागणारी चव, तुरट हिरड्यांना आणि गालांना आतून ओढतं. स्वतःला विचारा, हा तुरटपणा जांभळाचा आहे की डाळिंबाच्या सालीचा? जांभळाचा असेल, म्हणजे मागोमाग फळाचा गोडवा येत असेल, तर वाइन चांगली, थोडं थांबली तर आणखी चांगली. सालीचा, कोरडा, शेवटपर्यंत कोरडाच राहणारा असेल तर दहा वर्षं ठेवून काही होणार नाही. गिळल्यावर मनात दहा मोजा. दहानंतरही फळाची चव उरली असेल तर त्या किमतीला ती बाटली दणक्यात आहे.

आणि थुंका. लहानपणी थुंकण्यावरून ओरडा खाल्लेल्या माझ्यासारखीला हे शिकायला वर्ष गेलं. शेतावर जाऊन चाखायची असेल तर इलाज नाही. फ्रान्समध्ये गाडी चालवताना मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे, नवशिक्यांना 0.2. जाण्याआधी फोन करा. बारा ते दोन कुणाच्या दारात उभं राहू नका. मी राहिले आहे, कुत्रा भुंकत होता आणि आतून ताटल्यांचा आवाज येत होता. बऱ्याच लहान घरी चाखायचे पैसे घेत नाहीत, तेव्हा निघताना दोन बाटल्या तरी घ्याव्यात. गेली काही वर्षं बोर्दोत वाइन खपत नाही म्हणून सरकारी मदत घेऊन हजारो हेक्टरांवरच्या वेली उपटल्या गेल्या, आणि त्याची झळ याच लोकांना जास्त बसली आहे.

गोडाचं राहिलंच. सिरों नावाची गार पाण्याची छोटी नदी बार्साकजवळ गारोनला मिळते, शरदात सकाळी धुकं धरतं, द्राक्षांवर बोट्रायटिसची बुरशी चढते, दुपारच्या उन्हात ती सुकतात, रस घट्ट होतो. सोतेर्नची सगळी कीर्ती त्या धुक्यावर. पण धुकं नदी ओलांडतं, आणि पलीकडे लुपियाक आणि सेंत-क्रुआ-द्यु-मों आहेत. जर्दाळू, मध, संत्र्याच्या सालीचा मुरांबा. सोतेर्नइतकी दाट नाही, खिशाला मात्र निम्म्याहून कमी. आठ-दहा अंशांवर, लहान ग्लासात. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, असं म्हणतात. आमच्याकडे उरलेली नाही.

एका दिवसात दोन्ही काठ बघायचे तर ब्लायच्या किल्ल्याखालून समोरच्या मेडॉकमधल्या लामार्कला फेरीबोट जाते, गाडीसकट. वेळापत्रक आधी बघा. शेवटची फेरी चुकली तर थेट बोर्दोवरून वळसा.