पंधरा एकरांचं रान आणि धनुष्य: हंगामापूर्वीची तयारी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. तयारी मात्र जुलैतच हाती घ्यावी. त्याआधी एक हिशेब मांडून बघा. १५ एकरांचा तुकडा चौरस धरला तर त्याची बाजू साधारण २७० यार्ड भरते. म्हणजे अगदी मध्यावर बसलात तरी हद्द १३५ यार्डांवर. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेलेलं व्हाइटटेलही (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) पडण्याआधी शंभर यार्ड सहज धावतं. बाकीची सगळी तयारी या आकड्याभोवती फिरते.

म्हणून पहिलं काम कागदांचं. दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायची तर ओहायोत मालकाची लेखी परवानगी लागते. ती शिकारीच्या दिवशी खिशात हवी. मग चारही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन यायचं. जखमी हरीण त्यांच्या हद्दीत गेलं तर शोधायला येऊ का, एवढंच विचारायचं आणि फोन नंबर घ्यायचा. हे ऑगस्टच्या एखाद्या संध्याकाळी विचारावं. रात्री नऊ वाजता रक्ताळलेल्या हातांनी दार वाजवून नव्हे. एखादा शेजारी नाही म्हणाला तर त्या बाजूचा मचाण आत सरकवायचा, कारण हरीण कुंपणापलीकडे मरून पडलेलं दिसत असलं तरी परवानगीशिवाय आणता येत नाही. जमीन गावाच्या हद्दीत असेल तर तिथला स्थानिक नियमही बघा. काही गावांत बाण सोडायला वेगळं परमिट लागतं. लायसन्स आणि हरणाचं परमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं नियमित लायसन्स काढण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे तिकडून आलेल्यांना हा कोर्स कंटाळवाणा न वाटता उपयोगीच वाटतो. शिंगवाला नर वर्षाला एकच मारता येतो, हेही ध्यानात ठेवा.

रानात फेरी एकदाच मारायची, भर दुपारी. वाटा, लेंड्या आणि अमूर हनीसकलच्या दाट झुडपांतल्या हरणांच्या बसण्याच्या जागा टिपून घ्या. व्हाइट ओकची झाडं नकाशावर खुणा करून ठेवा: त्याची फळं रेड ओकपेक्षा कमी तुरट, म्हणून हरणं ती आधी संपवतात. मचाण हरणांची बसण्याची जागा आणि ओक यांच्या मधल्या वाटेवर हवा, झुडपांना खेटून नको. लहान रान बिघडतं ते माणसाच्या येरझाऱ्यांनी. हरणं टिपायला झाडाला बांधलेले दोन कॅमेरे पुरेत, तेही फोनवर फोटो पाठवणारे. कार्ड काढायला दर रविवारी जाणारा माणूस हरणांना रात्रीचं चरायला शिकवतो.

प्रत्येक मचाणासाठी चालणारे वारे आणि जायची-यायची वाट वहीत लिहून ठेवायची. वारा जुळत नसेल तर त्या दिवशी घरीच थांबायचं, सुट्टी घेतलेली असली तरी. हवामानाच्या ॲपवरचा वारा मोकळ्या शेतातला असतो. घरं, गोठे आणि झाडीची कड यांच्याभोवती तो घोटाळतो. तो ओळखायला मिल्कवीडच्या म्हाताऱ्या डबीत भरून ठेवा (हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं). एक सोडली की पन्नास-साठ यार्डांपर्यंत तुमचा वास कुठे जातोय ते दिसतं. ऊन तापलं की हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन ओढ्याकडे उतरते. त्यामुळे सकाळी उत्तम असलेला मचाण संध्याकाळी फसवतो.

झाड जिवंत आणि सरळ हवं. ॲशला बांधू नका: एमरल्ड ॲश बोरर या किड्याने ही झाडं लाखोंनी मारली आहेत आणि वाळलेलं खोड कधी मोडेल सांगता येत नाही. १६ ते १८ फूट उंची पुरते. त्याहून वर गेलं की बाणाचा कोन तीव्र होतो आणि एकच फुप्फुस सापडतं. मागच्या वर्षीचे पट्टे झाडाच्या वाढीने आवळले जातात आणि उन्हाने कुजतात, ते बदलाच. फुल बॉडी हार्नेस जमिनीवरच चढवायचा आणि लाइफलाइनला जोडूनच चढायचं. वर बसल्यावर दोरीला ढील नको. लटकलात तर पाय टेकवायला वेगळा पट्टा खिशात हवा, कारण मांड्यांचा रक्तप्रवाह थोड्याच वेळात अडतो. धनुष्य दोरीने वर ओढायचं, बाण भात्यात बंद ठेवून.

ओहायोत धनुष्याची ओढ (दोरी ताणायला लागणारा जोर) किमान ४० पाऊंड आणि ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पात्यांचं टोक) किमान पाऊण इंच रुंद लागतो. ५० पाऊंडांच्या कंपाऊंडवर (चाकांच्या धनुष्यावर) एकूण ४२० ग्रेनच्या (सुमारे २७ ग्रॅमच्या) आसपासचा बाण शांत चालतो. हरीण आवाजाला खाली दबतं, आणि ध्वनी बाणाच्या जवळजवळ चौपट वेगाने त्याच्यापर्यंत पोचतो. म्हणून वेगापेक्षा शांतता जास्त मोलाची. सराव शिकारीच्याच ब्रॉडहेडने करा. फील्ड पॉइंट (सरावाचं बिनपात्याचं टोक) नेमका लागतो आणि ब्रॉडहेड चार इंच डावीकडे जातो, तेव्हा चूक बहुधा धनुष्याच्या ट्यूनिंगची असते. सरावानंतर पाती बदला. उंचावरून, हार्नेस घालून, कमरेत वाकून मारून बघा. नुसता हात खाली केला तर नेम बिघडतो. दिवसाचा पहिला, थंड बाण कुठे लागतो तेच तुमचं खरं अंतर. बहुतेकांचं ते २० यार्ड असतं.

आदल्या रात्री पिशवीत हेडलँप आणि जादा सेल, रेंजफाइंडर, चाकू, लांब हातमोजे, खुणेच्या फिती आणि ओढायची दोरी. कपड्यांवर गोचिडांसाठी परमेथ्रिन मारून पूर्ण वाळवा. ते अंगाला लावायचं नाही. बंदुकीच्या हंगामात धनुष्यवाल्यालाही नारिंगी कपडे सक्तीचे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे जातं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी ते सूर्यास्तानंतर अर्धा तास ही वेळ पुन्हा मोजा.

बाण फक्त आडव्या किंवा किंचित पाठमोऱ्या हरणावर. लागल्यावर ते शेवटी कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवून बसून राहा. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर अर्धा तास. गडद लाल म्हणजे यकृत, चार ते सहा तास. हिरवट, घाण वास येत असेल तर आठ ते बारा. लहान रानात घाई सर्वांत महाग पडते: उठवलेलं हरीण थेट तिसऱ्या शेजाऱ्याच्या हद्दीत जातं.

मिळालेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत करायची असते. वायंडॉट परगण्याच्या भागात सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा हरणांचा जीवघेणा रोग सापडला असल्याने तिथले तपासणीचे आणि धड हलवण्याचे नियम वेगळे आहेत. ऑक्टोबरची दुपार उबदार असते, म्हणून दोन पिशव्या बर्फ आदल्या दिवशीच फ्रीझरमध्ये हवा. आतडी काढली की बर्फ पिशवीसकट बरगड्यांच्या पोकळीत ठेवा, आणि खाटकाचं दुकान रविवारी उघडं असतं का ते शुक्रवारीच विचारून ठेवा.