मराठी फाइल वाचता येत नाही? पुन्हा टाइप करायला बसण्याआधी या चुका टाळा

वाचनालयाची जुनी पुस्तकयादी, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर, आजोबांनी कुणाकडून तरी टाइप करून घेतलेल्या आठवणी. अशी एखादी फाइल दहा-पंधरा वर्षांनी नव्या लॅपटॉपवर उघडली की मराठीऐवजी भलतंच काहीतरी दिसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "करप्ट झालीय, टाकून दे." आणि ती खरंच टाकली जाते. अशा बहुतेक फाइली धडधाकट असतात, फक्त त्या कशा वाचायच्या हे समोरच्या संगणकाला ठाऊक नसतं. म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नीट न बघता फाइल डिलीट करणं, किंवा दोनशे पानं नव्याने टाइप करायला घेणं. त्यात पैसे जातात, आठवडे जातात आणि नव्या चुका शिरतात त्या वेगळ्याच.

आधी पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते पाहा

मराठीच्या जागी दिसणारा कचरा साधारण चार प्रकारचा असतो. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

पहिला प्रकार: साध्या इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग. याचा अर्थ फाइल कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट या संगणकावर नाही. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा. फॉन्ट संगणकावर नसला तरी वरच्या फॉन्टच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं. ते नाव कागदावर लिहून घ्या, पुढचं सगळं काम त्यावर अवलंबून आहे. जुना संगणक अजून चालू असेल तर तो फॉन्ट विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये सापडेल. तो नव्या संगणकावर बसवला की फाइल जशीच्या तशी वाचता येते.

दुसरा प्रकार: रिकामे चौकोन. मजकूर बरोबर आहे, पण दाखवायला देवनागरी अक्षरंच उपलब्ध नाहीत. हा सगळ्यात सोपा प्रश्न. युनिकोड पद्धतीचा (जिच्यात प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो) देवनागरी फॉन्ट निवडला किंवा बसवला की चौकोन जातात.

तिसरा प्रकार ओळखायला मजेदार आहे: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्याच्या शेजारी एक छोटं चिन्ह, हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या तीन छोट्या कप्प्यांत, ठेवलं जातं. त्यातला पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. प्रोग्रामने ती जुनी इंग्रजी पद्धत समजून वाचली की हाच नमुना उमटतो. इथेही मजकूर शाबूत असतो, फक्त फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडायचं.

चौथा प्रकार मात्र खरा धोक्याचा: ओळभर प्रश्नचिन्हं. कुणीतरी मराठी मजकूर 'एएनएसआय' या जुन्या इंग्रजी पद्धतीने सेव्ह केला आणि तसं करताना नोटपॅडने दिलेली सूचना न वाचता 'ओके' दाबलं. या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. ती प्रत परत येत नाही, कुठलाही फॉन्ट बसवून उपयोग नाही. दुसरी प्रत शोधा: पाठवलेल्या ईमेलमध्ये, पेनड्राइव्हवर, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये. २०१९ पासून विंडोज १० मधलं नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतं, त्यामुळे हा अपघात आता कमी होतो. जुन्या मशीनवर तो आजही होऊ शकतो.

नवं काम जुन्या फॉन्टमध्ये करणं

ही चूक आजही सर्रास होते, आणि तिच्याबद्दल मला मनापासून कळकळ आहे.

विंडोज २००० येण्याआधी विंडोजला आपणहून देवनागरी समजतच नव्हती. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली: इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवली. कृतिदेवमध्ये 'आज' लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजीतली व्ही, के आणि टी ही तीन अक्षरं साठतात. फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. त्या काळात दुसरा सोपा मार्ग नव्हता, आणि या फॉन्टवरच मराठी छपाई संगणकावर आली. पण प्रत्येकाने आकृत्या आपापल्या पद्धतीने बसवल्या. म्हणून शिवाजीतली फाइल कृतिदेवमध्ये वाचता येत नाही.

युनिकोडमध्ये 'अ' ला 'अ' म्हणूनच क्रमांक आहे, मग फॉन्ट कोणताही असो. हा फरक फक्त दिसण्याचा नाही. जुन्या फॉन्टमधल्या यादीत 'तुकाराम' शोधून सापडत नाही. अकारविल्हे लावायला गेलं तर इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते. फोनवर मराठी दिसत नाही. आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांचा स्क्रीन रीडर तो मजकूर 'व्ही के टी' असा वाचतो. आपण लिहिलेलं मराठी त्यांच्यापर्यंत मराठी म्हणून पोचतच नाही. आज नवं पत्र, नवं इतिवृत्त, नवी यादी जुन्या फॉन्टमध्ये करायला एकही चांगलं कारण उरलेलं नाही.

छापखान्यात मात्र अडचण खरी आहे. पानं जुळवायचा पेजमेकर हा जुना प्रोग्राम युनिकोड देवनागरी नीट जुळवत नाही, आणि फोटोशॉप, इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. डीटीपी (संगणकावर पानांची जुळणी) करणारा जुन्या फॉन्टला चिकटून राहतो तो आळसाने नव्हे, काम अडू नये म्हणून. नव्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई किंवा 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडला, आणि इनडिझाइनमध्ये पॅरेग्राफच्या मेन्यूतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावला, की मराठी व्यवस्थित बसतं. हे सांगणारं कुणी भेटलं नाही म्हणून कित्येक ठिकाणी अजून जुनी पद्धत चालू आहे.

कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात आणि बरंच काम करतात. तिथे पहिली चूक होते ती चुकीचा फॉन्ट निवडण्याची. 'साधारण श्रीलिपी असेल' असं चालत नाही, मघाशी लिहून घेतलेलं नेमकं नाव हवं.

दुसरी चूक म्हणजे बदललेला मजकूर न तपासणं. तो सगळा वाचायला वेळ नसेल तर निदान चार ठिकाणी बघा. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. कन्व्हर्टरला ती उचलून पलीकडे न्यावी लागते आणि 'स्थिती', 'व्यक्तिमत्त्व', 'मंत्रिमंडळ' अशा शब्दांत जोडाक्षर ओलांडताना ती घसरते. रफाराचं उलट: जुन्या पद्धतीत तो अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे 'कार्य', 'धर्म', 'वर्षी' हे शब्द पाहा. तिसरं म्हणजे आकडे आणि तारखा. चौथं, मूळ मजकुरात मध्येच असलेली इंग्रजी नावं आणि ईमेल पत्ते. कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलतो आणि त्यांचा चेंदामेंदा होतो.

मूळ फाइलला हात लावू नका, काम प्रतीवर करा. आणि मृत्युपत्र, जमिनीचे कागद, सभासदांचे पत्ते-फोन असलेला मजकूर अनोळखी वेबसाइटच्या चौकटीत चिकटवू नका. त्यासाठी इंटरनेटशिवाय चालणारा कन्व्हर्टर शोधा.

डोळ्यांना सारखं, संगणकाला वेगळं

युनिकोडमध्ये लिहिलं म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. मराठीची काही अक्षरं एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप होतात.

'ॲ' घ्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र देत, म्हणजे 'अॅ'. हिंदी कीबोर्डवरून 'ऍ' येतो. एका यादीत तिघांनी मिळून नावं भरली असतील, तर 'ॲडव्होकेट' शोधल्यावर 'अॅडव्होकेट' आणि 'ऍडव्होकेट' निसटू शकतात. फाइंड-रिप्लेस वापरून सगळीकडे 'ॲ' करून टाका.

विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन देण्याची सवय तर घरोघरी आहे. 'स्वत:' आणि 'स्वतः' कागदावर सारखे दिसतात, पण कोलन दिला की संगणक तिथे शब्द संपला असं धरतो. मग 'दु:ख' मधला 'दु' ओळीच्या शेवटी आणि 'ख' पुढच्या ओळीत जाऊ शकतो, आणि शुद्धलेखन तपासणी दोन्ही तुकड्यांवर लाल रेघ मारते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कीबोर्डवर विसर्ग शिफ्ट धरून वजाबाकीच्या कळीवर आहे.

आणि 'ऱ्या'. हा तर मराठीचा खास हक्काचा. तो कुठून आणायचा हे माहीत नसलं की लोक रफार देऊन मोकळे होतात: 'शेतकर्यांना', 'वार्यावर'. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना भाजी किती लागेल ते विचारायचं, हा फरक त्यात बुडतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की ऱ येतो, मग 'डी' ने पाय मोडायचा आणि पुढे य. ळ साठी शिफ्ट आणि 'एन', ण साठी शिफ्ट आणि 'सी'. एवढ्या तीन कळा ज्याला पाठ झाल्या, त्याचं मराठी टायपिंग लगेच सुधारतं.

एक्सेलमधले घोटाळे

वर्गणीची यादी देवनागरी आकड्यांत भरली आणि बेरीज शून्य आली, असं अनेकदा होतं, कारण एक्सेल ते आकडे मजकूर म्हणून धरतं. रकमा, फोन नंबर, पिनकोड इंग्रजी आकड्यांत भरा, नावं मराठीत. छापताना देवनागरी आकडे हवे असतील तर ते काम शेवटी करा.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची यादी) डबल-क्लिक करून उघडू नका. वर सांगितलेला तिरक्या रेघेचा 'ए' बहुतेक वेळा तिथेच भेटतो. आधी कोरं एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय घ्या आणि फाइल ओरिजिनच्या यादीत ६५००१, यूटीएफ-८ निवडा. कचरा दिसत असताना फाइल सेव्ह मात्र करू नका, नाहीतर तोच कचरा कायमचा होतो.

पीडीएफमधून कॉपी

पीडीएफमधलं मराठी डोळ्यांना सुंदर दिसतं, आणि कॉपी करून चिकटवलं की वेलांट्या-मात्रा विखुरतात. पीडीएफ अक्षरांच्या आकृती जपते, त्यांचा भाषेतला क्रम दर वेळी जपत नाही. तुकडे हाताने जोडत बसू नका. ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट-क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. पानाचं चित्र वाचून तिथे मराठी मजकूर तयार होतो. स्कॅन स्वच्छ असेल तर चुका मोजक्या निघतात. जुन्या छापील स्मरणिकांसाठीही हाच मार्ग वापरता येतो.

टायपिंगसाठी कुठलंही सॉफ्टवेअर उतरवणं

गूगल इनपुट टूल्सची विंडोजवर बसवायची जुनी आवृत्ती गूगलने केव्हाच बंद केली. तरी तिच्या नावाने अनोळखी साइट्सवर फाइली मिळतात आणि लोक त्या बसवतात. गरज नाही आणि धोका मोठा. विंडोज १० (२०१९ पासूनच्या आवृत्त्या) आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, आधीपासून आहे. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथे भाषेत मराठी जोडा, मग मराठीच्या पर्यायांत कीबोर्ड म्हणून फोनेटिक निवडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. पासवर्ड अचानक चुकीचा येऊ लागला तर तो बदलण्याआधी कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते बघा.

छपाई झाल्यावर फक्त पुस्तक घेऊन येणं

स्मरणिका छापून झाली की मंडळी गठ्ठे उचलतात आणि निघतात. फाइल छापखान्यात राहते, दोन वर्षांत तिथला संगणक बदलतो आणि शंभर लोकांचं लेखन तिथेच संपतं. पैसे देतानाच तीन गोष्टी मागून घ्या: फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ, संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये असलेली वर्ड फाइल, आणि काम जुन्या फॉन्टमध्ये झालं असेल तर त्या फॉन्टचं नेमकं नाव. त्या दोन्ही फाइली मंडळाच्या ईमेलवर पाठवायला सांगा आणि छापखाना सोडण्याआधी वर्ड फाइल फोनवर उघडून पाहा. फोनवर मराठी वाचता आलं तर ती युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरं दिसली तर तिथल्या तिथे बदलून मागा.