उंदरांना व्हेंटिलेटरवर ठेवून फुप्फुसाच्या संसर्गाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

जंतू एकाच कल्चरमधले, उंदीर सारख्याच वजनाचे, तरी एका गटाच्या रक्तात जंतू वाढतात आणि दुसऱ्याच्या रक्तात नाही. अशा वेळी आधी व्हेंटिलेटर तपासा. श्वास मोठा आणि पीप (उच्छ्वास संपल्यावर फुप्फुसात राखलेला दाब) शून्य असेल, तर वायुकोश दर श्वासाला मिटतात आणि पुन्हा ताणून उघडतात. त्यात अस्तराला इजा होते आणि जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. १९९८ मध्ये क्लेबसिएला (न्यूमोनिया करणारा जंतू) दिलेल्या उंदरांत हेच दिसलं होतं: श्वास आत जातानाचा वरचा दाब ३० सेंमी पाणी (दाबाचं माप) इतकाच, पण पीप शून्याऐवजी १० ठेवल्यावर रक्तात जंतू कमी उतरले.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो श्वासाच्या मापात. ३०० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ७ मिली धरले तर एक श्वास फक्त २.१ मिलीचा. वाय-जोडापासून (आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा जिथे वेगळी होते तो Y आकाराचा सांधा) श्वासनलिकेतल्या कॅन्युलापर्यंत (आत बसवलेली बारीक नळी) ४ मिमी आतल्या व्यासाची ८ सेंमी नळी लावली, तर तिच्यातच १ मिली हवा मावते. म्हणजे जवळजवळ अर्धा श्वास तीच वापरलेली हवा परत आत नेतो. कार्बन डायऑक्साइड साचला की आपण श्वास वाढवतो, आणि लहान श्वासाचा, ‘कमी ताणाचा’ गट नकळत जास्त ताणाचा होऊन बसतो. वाय-जोड कॅन्युलाला भिडवूनच लावा. वजन त्याच दिवशी करा, मागच्या आठवड्याचा आकडा चालत नाही.

पीप ५ ठेवायचा असेल आणि तो पाण्याच्या बाटलीतून देत असाल, तर उच्छ्वासाच्या नळीचं टोक ५ सेंमी बुडलेलं हवं. बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि नळी चिकटपट्टीने पक्की करा. दर उच्छ्वासाला बुडबुडे यायलाच हवेत. बुडबुडे थांबले तर आधी कॅन्युलाभोवतीचा दोरा बघा, हवा बहुधा तिथूनच निसटते. मॅनोमीटर (दाबमापक) यंत्राजवळ नको, कॅन्युलाजवळ लावा. सुरुवातीला कॅन्युलाकडचं टोक बंद करून दाब २० सेंमीवर न्या. तो १० सेकंदांत उतरला तर कुठेतरी गळती आहे.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, त्यात खोलीत एसी. ओलावा न देता तीच हवा तासन्‌तास फुप्फुसात ढकलली की श्लेष्म घट्ट होतो, श्लेष्म बाहेर ढकलणारे श्वासमार्गातले सूक्ष्म केस मंदावतात आणि जंतू बाहेर पडत नाहीत. हवा कोमट आणि ओलसर करून द्या, पण नळीत साचलेलं पाणी उंदराकडे वाहू देऊ नका. एसीखाली भूल दिलेला उंदीर लवकर गार पडतो. गुदद्वारात तापमापक ठेवून गरम गादीवर ३७ अंश राखा. शुद्ध ऑक्सिजन गरजेशिवाय नको, त्याने वायुकोश मिटतात.

जंतूंचा डोस द्रवाच्या ढगाळपणावरून ठरवून थांबू नका. उरलेला द्रव त्याच दिवशी प्लेटवर लावून मोजा. द्रव दिल्यावर प्रत्येक उंदराची स्थिती सारखीच ठेवा, कारण कूस बदलली की द्रव दुसऱ्या फुप्फुसात उतरतो. तुलनेच्या गटालाही तेवढाच वेळ भूल हवी, नाहीतर भुलीचा परिणाम व्हेंटिलेटरच्या नावावर जमा होतो. रक्त आधी घ्या, छाती उघडून फुप्फुस नंतर. उलट केलं तर फुप्फुसातले जंतू सुईला लागतात आणि रक्ताचं कल्चर खोटं पॉझिटिव्ह येतं.