चिमुकल्यांसोबत व्हॅलेंटाइन कार्ड करताना या चुका टाळा

दीड ते पाच वर्षांच्या मुलांकडून व्हॅलेंटाइन कार्ड करून घेताना मोठ्यांच्या हातून होणाऱ्या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत. कार्ड मुलाचे आहे हे सगळे मान्य करतात, पण ते कसे दिसावे याचे चित्र त्यांच्या डोक्यात आधीच पक्के झालेले असते आणि बाकीची बहुतेक गडबड तिथूनच सुरू होते. बालवर्गात मुलांसोबत बसून मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता ते सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

मुलाचे काम ‘नीट’ करू नका

ही चूक सर्वांत जास्त होते आणि मला सर्वांत जास्त खटकते. आमच्या वर्गात तीन वर्षांची एक मुलगी कार्ड करत होती. लाल कागदाचे कापलेले बदाम तिच्यासमोर ठेवले होते आणि ते सगळेच्या सगळे तिने कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एकावर एक चिकटवले. प्रत्येक बदाम लावला की ती त्यावर तळहात दाबून धरायची आणि हळूच म्हणायची, “हा आईचा. हा आजीचा. हा माझा. सगळे एका घरात.” ती हात धुवायला गेली असताना मदतीला आलेल्या एका पालकांनी ओल्या गोंदावरचे ते बदाम अलगद सोडवले आणि समान अंतर राखून कार्डभर मांडले. हेतू चांगला होता आणि कार्ड खरोखरच सुबक दिसू लागले होते. मुलगी परत आली, कार्डाकडे थोडा वेळ पाहत राहिली, मग “हे माझं नाही” म्हणून तिने ते बाजूला सरकवले. घरी नेण्यासाठी तिने ते हातात घेतले नाही, आणि आईला त्या वर्षी तिच्याकडून कार्ड मिळाले नाही.

त्या कोपऱ्यातल्या ढिगात एक अख्खे कुटुंब होते, हे फक्त तिला ठाऊक होते. इतक्या लहान मुलांच्या कामात अर्थ असतोच, पण तो कागदावर दिसेल असा नसतो. तो त्यांच्या बोलण्यात आणि हातांच्या हालचालीत असतो. म्हणून मी कार्ड चालू असताना मुलाच्या शेजारी बसते, ते काय बोलते ते ऐकते आणि त्याचेच शब्द जसेच्या तसे कार्डाच्या मागे तारखेसह लिहून ठेवते. कार्ड ज्याला मिळणार आहे त्याच्यासाठी तो मजकूर पुढच्या सजावटीपेक्षा मोलाचा ठरतो. ज्या मोठ्या माणसाला हात आवरत नाहीत, त्याच्यासमोर मी वेगळा कोरा कागद ठेवते आणि त्याला त्याचे स्वतःचे कार्ड करायला सांगते. हा उपाय आजवर प्रत्येक वेळी लागू पडला आहे.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे मुलाला बदामाचा आकार काढायला लावण्याचा आग्रह. दीड-दोन वर्षांचे मूल रेघोट्या ओढते, तीनच्या आसपास त्याला बंद गोल जमू लागतो, आणि वर दोन फुगे व खाली टोक असलेला आकार त्याच्या बराच पुढचा आहे. बदाम मोठ्यांनी कापून द्यावेत. कागद दुमडून घडीच्या बाजूने अर्धा बदाम कापला की दोन्ही बाजू सारख्या येतात. त्याहून चांगला मार्ग अंगठ्याच्या ठशांचा आहे: एक ठसा उजवीकडे कललेला, दुसरा डावीकडे, आणि दोघांची खालची टोके एकमेकांवर टेकलेली. अशा बदामासाठी दोन वर्षांच्या मुलाचा अंगठासुद्धा पुरेसा असतो आणि तो बदाम पूर्णपणे त्याचाच असतो.

गाणारी आणि लुकलुकणारी कार्डे लहान मुलांच्या हाती देऊ नका

विकतचे कार्ड निवडताना लोक मजकूर आणि चित्र पाहतात, पण आत काय आहे ते पाहत नाहीत. उघडल्यावर गाणे वाजणाऱ्या कार्डात बटणाच्या आकाराची चपटी बॅटरी असते. खेळण्यातला बॅटरीचा कप्पा सहसा स्क्रूने बंद केलेला असतो. कार्डात मात्र ती बहुधा दोन कागदांच्या मध्ये नुसती बसवलेली असते, आणि कागद फाडणे हा तर दोन वर्षांच्या मुलाचा आवडता उद्योग आहे. अशी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर ओलसर त्वचेच्या संपर्कात तिच्यातून विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजते. सुमारे २० मिलिमीटर व्यासाच्या लिथियम बॅटऱ्या यात सर्वांत धोकादायक असतात, कारण त्या नेमक्या अडकतील एवढ्या मोठ्या असतात. मुलाने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये आणि उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. थेट रुग्णालय गाठावे.

सजावटीचे हलणारे डोळे, मणी आणि टिकल्या यांनाही हीच काळजी लागू आहे. टिश्यू कागदाच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घ्यावी आणि जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती तीन वर्षांखालील मुलाच्या टेबलावर ठेवू नये. सुटी चमकीही नको, कारण हात डोळ्यांकडे जातोच आणि तिचे कण बुबुळाला ओरखडा पाडू शकतात.

१३ फेब्रुवारीच्या रात्री सगळी कार्डे करायला बसू नका

घाईत असलेल्या पालकांबद्दल मला सहानुभूती आहे, पण या एका बाबतीत मी सवलत देत नाही. इतक्या लहान मुलाचे लक्ष पाच-दहा मिनिटे टिकते. त्यानंतर जे कागदावर उतरते ते मोठ्यांच्या रेट्यामुळे उतरते, आणि रडारड झाली तर तिचा दोष मुलाचा नसतो. मी काम तुकड्यांत वाटते: एका दिवशी मोठ्या कागदावर नुसते रंग फासायचे, तो वाळला की मी त्याचे बदाम कापते, दुसऱ्या दिवशी ते चिकटवायचे आणि नावासाठी तिसरा दिवस ठेवायचा. यात रंग आणि गोंद यांना वाळायला आपोआप वेळ मिळतो. वाळण्याची वाट न पाहता कार्डे एकावर एक रचून ती सपाट व्हावीत म्हणून वर जाड पुस्तक ठेवण्याचा प्रकारही मी पाहिला आहे. सकाळी त्यांचा एकच ठोकळा झाला होता आणि सोडवताना प्रत्येक कार्डाचा पापुद्रा दुसऱ्याला चिकटून गेला.

गोंदाची बाटली मुलाच्या हातात देऊ नये, कारण दाबल्यावर धार येते ही मौज त्याला चिकटवण्यापेक्षा मोठी वाटते. झाकणात थोडा गोंद घेऊन सोबत जाडसर कुंचला द्यावा. कागदही त्याच्या तोलाचा हवा. छपाईचा नेहमीचा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद ओल्या गोंदाने सुरकुततो. १८० ते २२० जीएसएमचा कार्डशीट ओल सहन करतो आणि दुमडल्यावर उभाही राहतो. हाताचे ठसे घ्यायचे असतील तर तळहात रंगात बुडवू नये. कुंचल्याने पातळ थर लावावा, कागद टेबलाला चिकटपट्टीने पक्का करावा, हात एकदाच दाबून सरळ वर उचलावा, आणि पाण्याचे भांडे ठसा घेण्याआधीच शेजारी असावे.

लाल कागदावर लाल मेणखडू देऊ नये. रेघ उमटली नाही की मूल लगेच नाद सोडते. मेणखडू आखूड आणि जाड असावेत. स्टिकरच्या पानावरची भोवतालची कड आधीच काढून टाकली तर लहान बोटांना स्टिकर स्वतः सोलता येतात. पाकीट आधी आणावे आणि कार्ड त्याच्या मापाने करावे. ए फोर कागदाच्या दोन घड्या घातल्या की तो सी सिक्स मापाच्या पाकिटात बसतो. तीन वर्षांच्या मुलाला वर्गातल्या प्रत्येकाच्या कार्डावर नाव लिहायला लावू नये, नावे मोठ्यांनी लिहावीत आणि खाली मुलाने आपली खूण करावी. मात्र वर्गात कार्डे न्यायची असतील तर यादीतले एकही मूल सुटता कामा नये.

दुकानात निवडताना

पूर्ण मांडणीसमोर लहान मुलाला उभे करून “तुला आवडेल ते घे” म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मी आधी सगळ्या कार्डांचा आतला मजकूर वाचते, प्रेमिकांसाठीची वाक्ये असलेली वगळते आणि उरलेल्यांतून दोनच त्याच्यासमोर धरते. त्याने आजीसाठी हिरव्या ट्रकचे कार्ड उचलले तर तेच घ्यावे. गुलाबाचे अधिक शोभेल असे सुचवू नये, कारण ट्रक त्याला स्वतःला सर्वांत प्रिय आहे आणि तो आजीला देण्यामागे हेच कारण आहे.

कार्ड द्यायची वेळ आली की मूल ते घट्ट धरून बसते, हीही दरवर्षीची अडचण आहे. हिसकावून घेणे किंवा “शहाणं बाळ ना तू” म्हणून लाजवणे दोन्ही चूक आहे. ज्या वस्तूवर तीन दिवस राबलो ती दुसऱ्याला का द्यायची, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. कार्ड कोणासाठी आहे ते पहिल्या दिवशीच सांगावे, काम चालू असताना त्या व्यक्तीचे नाव घेत राहावे, आणि सुरुवातीपासून दोन कार्डे करायला घ्यावीत, एक द्यायला आणि एक स्वतःजवळ ठेवायला. कोणते ठेवायचे ते मुलाने ठरवावे, आणि त्याने अधिक चांगले स्वतःसाठी ठेवले तरी चालेल.