मुरमाच्या मैदानावर हॉकीचा पेनल्टी कॉर्नर अडवताना

मराठवाड्यातली बरीच शाळकरी पोरं मुरमावर खेळतात आणि व्हिडिओ मात्र टर्फवरचे बघतात. गडबड तिथेच होते. पेनल्टी कॉर्नरला एक जण गोलाच्या रेषेवरून बॉल ढकलतो (पुश), दुसरा तो डीबाहेर, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाबाहेर, थांबवतो आणि मग शॉट मारला जातो. टर्फवर पुश सरळ येऊन स्टिकला चिकटतो. मुरमावर तो उसळतो, कधी खड्यावरून फाकतो. म्हणून इथे पहिल्या रशरने (गोलरेषेवरून धावत सुटणाऱ्या बचावपटूने) शॉट मारणाऱ्याकडे नाही, बॉल थांबवणाऱ्याकडे सुटावं. बॉल निसटला की रशरच आधी पोहोचतो.

सरावाआधी डी नीट आखा. 14.63 मीटर सुतळी गोलपोस्टच्या पुढच्या आतल्या कोपऱ्याला धरून फक्कीने चाप काढा. दोन्ही चाप 3.66 मीटरच्या सरळ रेषेने जोडा. पुशची खूण पोस्टपासून 10 मीटरवर. अंदाजाने आखलेला डी लहान निघाला, तर स्पर्धेत रशर दोन पावलं उशिरा पोहोचतो आणि मग पोराला बोल लावतात.

बचावाला गोलकीपर धरून पाचच. पहिला रशर गोलकीपरच्या डावीकडून निघतो: अंग बॉलच्या रेषेच्या डावीकडे, स्टिक उजव्या बाजूला जमिनीलगत. तो रेषेवरच धावला तर गोलकीपरला बॉल दिसत नाही. शिवाय पाच मीटरच्या आत पहिला शॉट गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नरच मिळतो, म्हणजे पाय आडवा घालून काही साधत नाही. दुसरा रशर तीन-चार मीटर मागे राहून बाजूला दिलेला पास धरतो. तिसरा पोस्टवर. चौथा गोलकीपरच्या उजवीकडे थोडा पुढे, रिबाउंडसाठी.

पोस्टवाल्याला हिट (स्टिक घुमवून मारलेला शॉट) आणि फ्लिक (स्टिकने ओढत उचलून फेकलेला) ओळखायला शिकवा. पहिला शॉट हिट असेल तर गोल धरला जायला तो 460 मिलिमीटरच्या, म्हणजे गोलातल्या फळीच्या, वर जाऊन चालत नाही. तेव्हा स्टिक खाली. ड्रॅग फ्लिकला ती अट नाही.

पुशच्या आधी गोलरेषा ओलांडणारा बचावपटू मध्यरेषेपलीकडे जातो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही; चौघांतच भागवावं लागतं. पुश करताना हूल देणाऱ्याचा खांदा बघितला की पोरं फसतात, बॉल बघितला की नाही.

मास्क नसतील तर रशरसमोर पूर्ण ताकदीचा शॉट नकोच. पहिले काही दिवस टेनिस बॉल वापरा. अडवलेला बॉल मधून नव्हे, साइडलाइनकडे काढायचा, डीपासून पाच मीटरच्या पुढे. तिथपर्यंत गेला की कॉर्नर संपतो.