दूरच्या दोन शहरांमधला विमानप्रवास नक्की किती तासांचा, हे कसं काढावं

'किलोमीटरमधल्या अंतराला ९०० ने, म्हणजे विमानाच्या ताशी वेगाने, भागा' हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तेवढ्यावर पुढचं जोडविमान ठरवू नका.

आधी अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वात जवळची वाट मोजा. ऑनलाइन ग्रेट सर्कल कॅल्क्युलेटर हे काम क्षणात करतो. टोकियो ते लॉस एंजेलिस सुमारे ८,८०० किमी भरतं.

मग अंदाज. आता ९०० ने भागा आणि त्यात पाऊण ते एक तास मिळवा. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं आणि उतरणं यांत तो जातो. उत्तर पावणेअकरा तासांच्या आसपास येतं.

आता तिकिटावरून खरी वेळ काढायची. सगळे अडखळतात ते इथेच, आणि मलाही हेच सर्वात जड गेलं. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात टोकियोहून १७:०० ला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १०:०० ला पोचतं, म्हणजे निघण्याच्या सात तास आधी! इथे 'फरक किती, मिळवायचा की वजा करायचा' असं तोंडी करत बसू नका. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत, आणा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून १७ वजा ९, ०८:००. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणून १० अधिक ८, १८:००. प्रवास दहा तासांचा. तारीखही यूटीसीचीच धरा, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषेची भानगडच उरत नाही.

शहरांमधला फरक पाठ तर मुळीच करू नका. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचा फरक हे सर्वांना ठाऊक असतं. पण अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या काळात फरक चारच तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून आठवडाभर पुन्हा तेच. म्हणून दरवेळी प्रवासाच्या तारखेचा यूटीसी फरक बघा, आजचा नव्हे.

परतीचा हिशोब वेगळा करा. लॉस एंजेलिसहून ११:०० ला निघून टोकियोला दुसऱ्या दिवशी १६:०० ला पोचणं म्हणजे १९:०० ते ०७:०० यूटीसी, बारा तास. यात चूक नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीमचे वारे जाताना ढकलतात, येताना अडवतात, हिवाळ्यात अधिकच.

अंदाज आणि तिकीट यांत याहून मोठी तफावत दिसली, तर वाट वाकडी आहे का ते तपासा. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास बारा-तेरा तासांवर गेला. शहरं जागच्या जागी आहेत, तरी कॅल्क्युलेटरचं अंतर तिथे उपयोगाचं नाही.

मध्ये थांबा असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढा.