कोरियन अद्भुतकथेतले एकटेपण कसे वाचावे

कोरियन अद्भुतकथा इंग्रजी अनुवादातून प्रथमच वाचणारा माणूस कथेत काही अशक्य घडले की लगेच त्याचा अर्थ लावायला बसतो. मीही तेच केले होते. हान कांग यांच्या १९९७ सालच्या एका कथेत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईच्या अंगावर आधी काळेनिळे डाग उमटतात आणि नवरा कामानिमित्त परदेशी जाऊन परततो तेव्हा ती बाल्कनीत वनस्पती होऊन बसलेली असते. हे झाड मुक्तीचे की मृत्यूचे, याच प्रश्नाभोवती मी घुटमळत राहिलो आणि नवरा आरडाओरडा न करता तिच्यासाठी पाणी आणायला धावतो, हे माझ्या नजरेतून निसटले. बायको माणूस असताना जे दुखणे त्याला उमगले नाही, त्याचीच निगा तो आता मन लावून राखतो. तेव्हा अशक्य गोष्ट आहे तशी मान्य करून पुढे जावे आणि भोवतालची माणसे तिच्याशी कशी वागतात, तिकडे लक्ष द्यावे.

मग खोलीचे माप काढावे. कोरियात घराच्या आकाराबद्दल बोलताना ‘प्यंग’ हे जुने एकक अजूनही तोंडी आहे. एक प्यंग म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर, आपल्या हिशेबाने साधारण ३६ चौरस फूट. ‘गोशीवॉन’ हा शब्द आला की पलंग आणि टेबल टाकल्यावर जेमतेम उभे राहता येईल अशी खोली डोळ्यांपुढे आणावी. सरकारी परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी निघालेल्या या खोल्यांत आता परीक्षेशी काडीचा संबंध नसलेली, कमी पैशांत निवारा शोधणारी माणसेही राहतात. ‘बांजिहा’ म्हणजे अर्धे जमिनीखाली गेलेले घर. हे कोंडलेपण आजचे नाही. यी सांग यांच्या १९३६ सालच्या ‘पंख’ या कथेत, जपानी अमलाखालच्या सेऊलमध्ये, एकच खोली मधल्या सरकत्या दाराने दुभागलेली आहे. ऊन येते ते बायकोच्या भागात, आणि ती बाहेर गेली की निवेदक तिकडे जाऊन भिंगाने कागद जाळत बसतो. असे तपशील पेन्सिलीने खुणावून ठेवावेत.

सर्वांत जास्त वेळ मात्र संबोधनांना द्यावा, कारण अनुवादात पहिला बळी त्यांचाच जातो, आणि इथे मराठी वाचकाचे पारडे इंग्रजी वाचकापेक्षा जड आहे. खानावळीत वाढणाऱ्या अनोळखी बाईला कोरियन माणूस ‘इमो’ म्हणतो. या शब्दाचा अर्थ आईची बहीण, म्हणजे शब्दशः आपली मावशी. कचेरीत आडनावापुढे हुद्दा जोडून हाक मारतात. परिणामी शहरात सगळ्यांशी नाते लागते, पण नुसत्या नावाने हाक मारणारे कोणी उरेलच असे नाही. कोरियन क्रियापद समोरच्याचा मान पाहून रूप बदलते. इंग्रजीत त्या सगळ्याचे ‘यू’ हे एकच सपाट सर्वनाम होऊन बसते. म्हणून प्रत्येक संवाद मनातल्या मनात ‘तू’ की ‘तुम्ही’ असे ठरवूनच वाचावा.

आकडेवारी पाठ करण्याची गरज नाही. तिथल्या एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांत एकच माणूस आहे आणि एकट्याने जेवण्याला ‘होनबाप’ असा सुटसुटीत शब्दही रूढ झाला आहे, एवढे ठाऊक असले तरी पुरे.

एका बैठकीत एकच कथा घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा, शक्यतो मोठ्याने वाचावी. सरावासाठी बोरा चंग यांची, संडासाच्या भांड्यातून वर आलेल्या डोक्याची कथा उत्तम आहे. ते डोके घरातल्या बाईला ‘आई’ म्हणून हाक मारते. ते पुढे ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’, हे ठरवल्याशिवाय पान उलटू नये.